पॉलिहाऊसमधील शेवंतीसाठी रोजच्या उजेड-अंधाराचे वेळापत्रक

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे २० गुंठ्यांचे साधे, नैसर्गिक वायुवीजनाचे पॉलिहाऊस आहे. मेच्या अखेरीस त्यांनी त्यातल्या ८ गुंठ्यांवर कट फ्लॉवरची, म्हणजे लांब दांड्यासह विकायच्या फुलांची, शेवंती लावली. रोपे दीड वीत होतात न होतात तोच शेंड्याला कळ्या दिसू लागल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या आणि तशाच थांबल्या. उरलेल्या १२ गुंठ्यांवरचा प्लॉट त्यांना २० ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी धरायचा आहे. वाढीसाठी रोज १८ तास आणि फुलांसाठी १२ तास उजेड द्यावा असे त्यांनी इंटरनेटवर वाचले असून, संध्याकाळी ६ ते मध्यरात्री १२ बल्ब लावले तर चालेल का, असे ते विचारतात.

आपण वाचलेले १८ आणि १२ हे आकडे निराधार नाहीत, परंतु ते आपल्या पिकाचे नाहीत. ते बंद खोलीत, केवळ दिव्यांच्या उजेडात वाढवल्या जाणाऱ्या गांजाच्या झाडांचे आकडे आहेत. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार त्याची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे ते पीक येथे आपला विषय नाही. पण त्याचे आकडे शेवंतीच्या चर्चेत का शिरतात, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. गांजा आणि शेवंती या दोन्ही वनस्पती एका बाबतीत सारख्या आहेत. रात्र एका ठरावीक मर्यादेपेक्षा लांब झाली की त्या पानांची वाढ आवरती घेऊन फुलांकडे वळतात. फरक असा, की बंद खोलीत सूर्य नसतो आणि झाडाचे सगळे अन्न दिव्यातूनच यावे लागते, म्हणून तेथे दिवा १८ तास पूर्ण ताकदीने जाळावा लागतो. आपल्या पॉलिहाऊसवर सूर्य तळपत असतो. तेथे बल्बचे काम अन्न देण्याचे मुळीच नाही. रात्र अजून लांब झालेली नाही, एवढा निरोप रोपाला पोचवणे हेच त्याचे काम आहे. भर दुपारच्या उघड्यावरच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) उजेड असतो आणि शेवंतीच्या बेडवर रात्री १०० लक्स पुरतो. हजारात एक भाग एवढ्या उजेडाने झाडाचे पोट भरत नाही, पण निरोप मात्र पोचतो. हा भेद एकदा मनात पक्का झाला की वेळापत्रकाचे बाकीचे सगळे प्रश्न सोपे होतात आणि विजेचे बिलही आटोक्यात राहते.

या स्वभावाचा अनुभव आपल्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला आहे, फक्त त्याला हे नाव कोणी दिलेले नसते. मृग साधून पेरलेली तूर डोक्याच्या वर जाते आणि तीच तूर उशिरा पेरली तर कमरेएवढी असतानाच फुलोऱ्यात येते. महामार्गाच्या कडेला जेथे हायमास्टचा दिवा रात्रभर पेटलेला असतो, त्याच्या खालच्या सोयाबीनचा एक गोल पट्टा शेजारचे पीक पिवळे पडून पानगळ झाली तरी हिरवाच उभा राहतो आणि त्याला शेंगा धरत नाहीत. शेतकरी त्याचा दोष बियाण्याला किंवा फवारणीला देतात. खरे कारण एवढेच असते, की त्या पट्ट्यातील सोयाबीनला रात्र झाल्याचे कळलेच नाही. योगायोग असा, की हा नियम पहिल्यांदा नीट मांडला गेला तोही सोयाबीन आणि तंबाखूवरूनच. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला आणि दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्याशी थेट संबंध असल्याचे दाखवले.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग करून असे दाखवले, की झाड खऱ्या अर्थाने मोजते ती रात्र. दिवसा थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्यावर थोडासा उजेड पडला तर ती रात्र झाडाच्या हिशेबी मोडून तिचे दोन छोटे तुकडे होतात आणि फुले येत नाहीत. त्यामागे पानांतील फायटोक्रोम नावाचे एक द्रव्य असते. ते ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तांबड्या उजेडाने एका रूपात जाते आणि ७३० नॅनोमीटरच्या अतितांबड्या उजेडाने दुसऱ्या रूपात परतते. उजेडाने तयार झालेले रूप अंधारात हळूहळू ओसरत जाते, आणि रात्र किती झाली याचा अंदाज झाड या ओसरण्यावरून आणि आपल्या आतल्या घड्याळावरून घेते. हा निरोप पाने घेतात, शेंडा घेत नाही. रशियातील चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच हे दाखवून दिले होते. म्हणून बल्बचा उजेड शेंड्यावर पडतो की नाही एवढे पाहून भागत नाही. वरच्या पूर्ण वाढलेल्या पानांवर तो सगळीकडे सारखा पडला पाहिजे.

आता आपल्या कळ्या का थांबल्या, ते पाहू. शेवंतीच्या बऱ्याचशा जातींत कळी धरायला दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान असावा लागतो, आणि धरलेली कळी पुढे फुलायला तो साधारण साडेतेरा तासांपेक्षाही लहान असावा लागतो. जातीगणिक हे आकडे थोडे पुढे-मागे होतात, पण या दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत हीच मोलाची गोष्ट आहे. लातूर परिसरात २१ जूनला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सव्वातेरा तास भरतात आणि छत्रपती संभाजीनगरला पाच-सहा मिनिटे जास्त. परंतु झाड सूर्य दिसेपर्यंत थांबत नाही, सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशाचा काही भागही त्याला दिवसच वाटतो. तो धरला तर जून-जुलैतला आपला दिवस शेवंतीच्या दृष्टीने पावणेचौदा तासांच्या आसपास जातो. म्हणजे तो साडेचौदाच्या आत असल्याने कळी धरते, आणि साडेतेराच्या वर असल्याने ती कळी फुलत नाही. आपल्या प्लॉटमध्ये नेमके हेच घडले आहे. त्या थांबलेल्या कळीखालची पाने आपण पाहिलीत तर ती नेहमीच्या कातरलेल्या पानांसारखी न दिसता अरुंद, पट्टीसारखी दिसतील आणि कळीच्या बगलेतून आजूबाजूचे फुटवे वर निघालेले असतील. ही खूण पक्की आहे. खत कमी पडले किंवा रोप रोगट निघाले, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

यातून मराठवाड्यापुरता एक नियम निघतो आणि तो मी प्रत्येक नव्या शेवंती उत्पादकाला आवर्जून सांगतो. युरोपच्या उन्हाळ्यात दिवस १६-१७ तासांचा असतो, त्यामुळे तिकडची शेवंती उन्हाळ्यात दिव्याशिवाय पानांवर वाढते. आपल्याकडे वर्षातला एकही दिवस तेवढा लांब नसतो. जूनमध्ये सव्वातेरा आणि डिसेंबरमध्ये जेमतेम ११ तास, एवढ्याच पट्ट्यात आपला दिवस फिरतो. म्हणून आपल्या भागात शेवंतीला लांब दांडा हवा असेल तर वाढीच्या काळात रात्री दिवा बारा महिने लागतो, आणि तो लागवडीच्या पहिल्या रात्रीपासून लागतो. परदेशी पुस्तकातले किंवा बियाणे कंपनीच्या पत्रकातले 'उन्हाळ्यात दिव्याची गरज नाही' हे वाक्य येथे लागू पडत नाही. मेच्या अखेरीस लावताना दिवस मोठा आहे म्हणून आपण बल्ब लावले नसतील, तर त्यात आपली फार मोठी चूक झाली असे मी म्हणणार नाही. ही ठेच बहुतेकांना लागते.

आपला प्रश्न संध्याकाळी ६ ते १२ या वेळेचा आहे. या पद्धतीने काम होते, पण ती महाग पडते. जुलैत अंधार पडायलाच सव्वासात होतात, म्हणजे पहिला तासभर बल्ब उगाच जळतात. नंतरचे पाच तास जाळून आपण फक्त संध्याकाळ लांबवतो. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा याच पद्धतीला सहा-सात तास लागतील. त्याऐवजी रात्रीच्या मध्यावर बल्ब लावून रात्रीचे दोन तुकडे करावेत. जून ते ऑगस्टमध्ये रात्री ११ ते २ असे ३ तास पुरेसे होतात. सप्टेंबरपासून पुढे, आणि विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, साडेदहा ते अडीच असे ४ तास द्यावेत. कोणत्याही हंगामात अंधाराचा कोणताही एक सलग तुकडा सात तासांपेक्षा मोठा राहू नये, हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की घड्याळाचे नेमके आकडे आपले आपण ठरवता येतात.

बल्बविषयी बाजारात बरेच काही विकले जाते. या कामाला जांभळ्या उजेडाच्या महाग 'ग्रो लाइट'ची गरज नाही, कारण ते दिवे झाडाचे पोट भरण्यासाठी बनवलेले असतात. साधा ९ वॅटचा, पिवळसर उजेडाचा एलईडी बल्ब चांगला चालतो. पांढऱ्याशुभ्र बल्बपेक्षा त्यात तांबडा भाग जास्त असतो, म्हणून पिवळसर निवडावा. रोपांच्या शेंड्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून ३ मीटर अंतरावर बल्ब टांगले तर १,००० चौरस मीटरला सुमारे ११० बल्ब लागतात, आणि बेडवर ७० ते १०० लक्सच्या दरम्यान उजेड मिळतो. दोन बल्बच्या मध्यावर आणि कडेच्या बेडवर, म्हणजे जेथे उजेड सर्वांत कमी असेल तेथे, लक्समीटर धरून पाहावे. सरासरी पाहून समाधान मानू नये, कारण झाडाला सरासरी कळत नाही आणि कडेचे बेड आधी कळीवर येतात ते याचमुळे. कागदी किंवा पत्र्याचे साधे शेड लावले तर वर जाणारा उजेड खाली वळतो. जुने १०० वॅटचे तापणारे बल्ब शेवंतीवर निरोप पोचवण्यात मुळीच उणे नव्हते, पण तेवढ्याच जागेत ते ६-७ किलोवॅट खात आणि आता तो खर्च करण्याचे कारण उरलेले नाही.

आपल्या पूर्ण २० गुंठ्यांना, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटरला, अशा २२० बल्बचा भार जवळजवळ २ किलोवॅट येतो. खेड्यात एकदम एवढा भार एका सिंगल फेजवर टाकला की दाब पडतो. यावर चांगला उपाय असा, की पॉलिहाऊसचे विजेचे तीन भाग करावेत आणि प्रत्येक अर्ध्या तासात प्रत्येक भागाला १० मिनिटे उजेड मिळेल असा फिरता टायमर बसवावा. शेवंतीला सलग उजेडाची गरज नसते. दर अर्ध्या तासाला थोडा थोडा उजेड मिळत राहिला तरी ती रात्र मोडलेलीच समजते. मात्र दोन उजेडांमधले अंतर अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नये आणि बल्बची संख्याही कमी करू नये. असे केले तर एका वेळी जळणारा भार ६६० वॅटच्या आसपास राहतो, तो एका बऱ्यापैकी इन्व्हर्टरवर चालतो, आणि ४ तासांच्या रात्रीला पावणेतीन युनिटपेक्षा कमी, म्हणजे महिन्याला ८० युनिटच्या घरात वीज लागते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री वीज जाणाऱ्या आपल्या भागात इन्व्हर्टरवर चालू शकणारे वेळापत्रक हे उरलेल्या सगळ्या वेळापत्रकांपेक्षा श्रेष्ठ आहे, असे माझे मत आहे. शेतीच्या थ्री फेज लाइनवर हे बल्ब चुकूनही जोडू नयेत, कारण बऱ्याच ठिकाणी ती काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळीने येते आणि झाड ती पाळी ओळखत नाही.

टायमरबद्दल स्वतःचा एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या वर्षांत मी फिरत्या तबकडीचा साधा टायमर वापरत होतो. त्या पावसाळ्यात वीज अधूनमधून कधी अर्धा तास, कधी दोन तास जात होती. वीज गेली की तबकडी थांबे आणि परत आली की जेथे थांबली होती तेथून पुढे सुरू होई. असे करत करत तीन आठवड्यांत टायमर जवळजवळ सहा तास मागे पडला. गडी रात्री नऊला घरी जात असे आणि सकाळी येई तेव्हा बल्ब जळताना दिसत, म्हणून लाइटिंग व्यवस्थित चालू आहे अशी आमची समजूत राहिली. प्रत्यक्षात बल्ब पहाटे पाचला लागत होते, म्हणजे रात्रीचा नऊ-साडेनऊ तासांचा सलग तुकडा तसाच शाबूत राहत होता. सगळा प्लॉट फूटभर उंचीवर कळीला आला आणि हैदराबादच्या गुडीमल्कापूर बाजारात जो माल दांड्यावर विकायचा होता तो सुट्या फुलांच्या भावाने द्यावा लागला. तेव्हापासून मी आतल्या बॅटरीवर वेळ सांभाळणारा डिजिटल टायमरच वापरतो, आणि आठवड्यातून एकदा रात्री साडेअकरा वाजता स्वतः जाऊन बल्ब पेटलेले पाहतो. आपणही हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

एखाद्या रात्री वीज गेली आणि मध्यरात्रीचा उजेड चुकला तर घाबरून जाण्याचे कारण नाही. वीज दोन-अडीचला आली तरी तेथून पुढे तासभर बल्ब लावून घ्यावेत. एक रात्र पूर्ण हुकली तरी सहसा नुकसान होत नाही. मात्र लागोपाठ चार-पाच रात्री हुकल्या तर शेंड्यात कळीची सुरुवात होऊन जाते, आणि ती डोळ्यांना दिसायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत चूक कोणत्या आठवड्यात झाली हे कोणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून वीज गेलेल्या रात्रींची नोंद ठेवावी. पौर्णिमेच्या चांदण्याचा त्रास होतो का, असे अनेक जण विचारतात. चांदण्याचा उजेड एका लक्सच्याही आत असतो. त्याने शेवंतीला काही होत नाही.

रोपे विकत घेताना मातृरोपे रात्रीच्या दिव्याखाली ठेवली होती का, हे रोपवाटिकेला स्पष्ट विचारावे. दिव्याशिवाय ठेवलेल्या मातृरोपावरून घेतलेल्या काडीच्या शेंड्यात कळीची तयारी आधीच झालेली असू शकते आणि मग आपल्याकडे कितीही काटेकोर लाइटिंग केले तरी ती काडी दांडा देत नाही.

आता फुलोऱ्याच्या बाजूचे वेळापत्रक. आपण जातीच्या पत्रकात पाहिले असेल की शेवंतीच्या जाती आठवड्यांवरून ओळखल्या जातात. आठ आठवड्यांची जात याचा अर्थ लागवडीपासून आठ आठवडे असा नसून, लांब रात्री सुरू झाल्यापासून आठ आठवडे असा आहे, आणि तोही सौम्य तापमानात. त्यामुळे हिशेब नेहमी बाजाराच्या तारखेपासून उलटा करावा. २० ऑक्टोबरचा दसरा धरला तर माल १३ ऑक्टोबरच्या सुमारास तोडणीला यावा. आठ आठवड्यांचे ५६ दिवस आणि आपल्याकडच्या उकाड्यापोटी चार दिवस जास्त असे ६० दिवस मागे गेलो की १४ ऑगस्ट येतो; त्या दिवशी बल्ब बंद झाले पाहिजेत. त्याआधी रोपाला ३० ते ३५ सेंटिमीटर उंची मिळवायला पावसाळ्यात चार आठवडे लागतात, म्हणून १५ जुलैच्या आसपास लागवड व्हायला हवी. शेंडा खुडून फुटव्यांचे पीक घ्यायचे असेल तर आणखी दोन आठवडे हाताशी हवेत, आणि आता ते उरलेले नाहीत. म्हणून नवा १२ गुंठ्यांचा प्लॉट न खुडता, एका रोपाला एक दांडा असा, रोपे थोडी दाट लावून घ्यावा. झाकोळलेल्या पावसाळ्यात उंची मागे पडताना दिसली तर बल्ब चार दिवस जास्त चालवण्याचा मोह होईल. तसे केल्यास फुलेही चार दिवस पुढे जातात आणि दसरा काही आपल्यासाठी थांबत नाही. पावसाळ्यातली वाढ सुधारायची असेल तर बल्बकडे पाहू नये. पॉलिथिनवरची धूळ आणि शेवाळ धुऊन काढावे, शेडनेट आतून ओढलेले असेल तर ते गुंडाळून ठेवावे. रोपाचे पोट त्याच उजेडावर भरते.

बल्ब बंद केले म्हणजे काम संपले असे मात्र ऑगस्टमध्ये होत नाही. ऑगस्टच्या मध्यावर आपला दिवस पावणेतेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि संधिप्रकाश धरून तो साडेतेराच्या अगदी उंबरठ्यावर येतो. अशा वेळी काही बेड फुलतात, काही रेंगाळतात, आणि तोडणी तीन आठवडे लांबत जाते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत लांब रात्री सुरू करायच्या असतील तर काळे कापड लागतेच. सप्टेंबर ते मार्च नैसर्गिक रात्र पुरेशी असते. आपण १४ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग कापड ओढावे. बाहेरून पांढरे किंवा चंदेरी आणि आतून काळे असे कापड घ्यावे. ते योग्य आहे की नाही हे पाहण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे: भर दुपारी कापड ओढून आत उभे राहावे, आणि वर्तमानपत्राचा मजकूर वाचता आला तर कापड कामाचे नाही. फाटलेला कोपरा, गटरखालची फट, दाराची बाजू, शेजारच्या गोठ्यावरचा रात्रभर जळणारा हॅलोजन, या गोष्टी कापडाच्या प्रतीपेक्षा जास्त नुकसान करतात.

कापड किती वाजता ओढावे, याबाबत आपल्या हवामानाचा विचार केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. परदेशी माहितीत सरसकट संध्याकाळी ५ ते सकाळी ८ अशी वेळ दिलेली असते, कारण मजूर पाचला घरी जातात. मराठवाड्यात पाच वाजता पॉलिहाऊस तापलेले असते. त्यावर कापड ओढले तर ती उष्णता रात्रीपर्यंत आतच कोंडून राहते. शेवंतीला फुलोऱ्याच्या सुरुवातीला रात्रीचे १६ ते २० अंशांचे तापमान मानवते आणि रात्र सतत २५ अंशांच्या वर राहिली की कळी धरणे लांबते, फुलाचा रंगही फिका पडतो. म्हणजे फुले लवकर यावीत म्हणून ओढलेले कापड त्यांना उशीर करते. म्हणून आपल्याला लागणारा जादा अंधार संध्याकाळकडून न घेता सकाळकडून घ्यावा, कारण सकाळी पॉलिहाऊस थंड असते. ऑगस्टमध्ये संध्याकाळी पावणेसातला कापड ओढून सकाळी पावणेआठला काढले की १३ तासांची रात्र पूर्ण होते. बाहेर पूर्ण अंधार झाल्यावर, साधारण आठ-साडेआठला, बाजूचे कापड वर करून हवा मोकळी करावी आणि पहाटे पाचच्या आत ते पुन्हा खाली सोडावे. यासाठी पहाटे माणूस लागतो हे खरे आहे, पण पहिले चार आठवडे ही मेहनत घेण्यासारखी आहे. कळीला रंग दिसू लागला की कापडाची गरज संपते.

कापड रोज ओढावे, रविवारी आणि सणालाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतली तर फुलांनाही साधारण तेवढाच उशीर होतो, आणि तो सगळ्या बेडवर सारखा होत नाही, हे त्यातले खरे नुकसान आहे. आपल्या १४ ऑगस्टच्या हिशेबात लगेच दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन येतो. त्या दिवशीही पावणेसातला माणूस हजर राहील याची व्यवस्था आधी करावी.

एप्रिल-मेमध्ये फुलणारा प्लॉट लग्नसराईसाठी धरावा का, असे आपण पुढे विचाराल. साध्या पॉलिहाऊसमध्ये माझे उत्तर स्पष्ट नाही असेच राहील. दिवसा ४० अंशांच्या वर आणि रात्री २५ अंशांच्या वर तापमान असताना उजेड-अंधाराचे कोणतेही वेळापत्रक शेवंतीला वेळेवर फुलवू शकत नाही. ती जागा त्या काळात मोकळी ठेवून जमीन तापवून घ्यावी.

राहिला तो कळ्या थांबलेला ८ गुंठ्यांचा प्लॉट. तो उपटू नये. थांबलेली कळी आणि तिच्याखालचा अरुंद पानांचा भाग खालच्या पहिल्या चांगल्या, कातरलेल्या पानापर्यंत खुडून टाकावा आणि प्रत्येक रोपावर तीनच जोमदार फुटवे ठेवावेत. खुडणी ज्या दिवशी कराल त्याच रात्रीपासून बल्ब सुरू करावेत, कारण दिव्याशिवायचे फुटवे पुन्हा आठ-दहा पानांवर कळीला येतील. येथे एक अडचण लक्षात ठेवावी लागते. दोन्ही प्लॉट एकाच छताखाली आहेत, आणि एकाला उजेड व शेजारच्याला अंधार द्यायचा तर मध्ये वरपासून खालपर्यंत काळा पडदा हवा. नाहीतर एकाचे बल्ब दुसऱ्याची रात्र मोडतील. पडद्याचा खर्च टाळायचा असेल तर दोन्ही प्लॉट एकाच तारखेला अंधारात न्यावेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खुडलेल्या प्लॉटला १४ ऑगस्टपर्यंत साधारण ४० दिवस उजेडाचे मिळतात. फुटवे दांड्यावर यायला तेवढे लागतातच, त्यामुळे ही तारीख त्यालाही सोयीची आहे. त्याचा दांडा नव्या प्लॉटपेक्षा आखूड राहील, म्हणून त्यातला काही माल घटस्थापनेपासूनच्या आठवड्यात हारांसाठी सुट्या फुलांत काढण्याची तयारी ठेवावी.

१४ ऑगस्टला संध्याकाळी टायमरचा मुख्य स्विच बंद करून पहिले कापड ओढावे, आणि दोन्ही प्लॉटमधील मधल्या व कडेच्या बेडवरच्या दहा-दहा रोपांना रंगीत दोरा बांधावा. त्या रोपांवर कळी प्रथम हाताला लागल्याची, रंग दिसल्याची आणि तोडणीची अशा तीन तारखा लिहून ठेवाव्यात. मी उकाड्यापोटी धरलेले चार दिवस हे माझ्या अनुभवाचे आहेत. आपल्या छताखाली ते दोन पडतात की आठ, हे त्या दोरा बांधलेल्या रोपांवरून कळेल आणि पुढच्या वर्षीची लागवडीची तारीख त्यावरूनच काढता येईल.